येशूंना कधीच न भेटलेल्या माणसाने पुनरुत्थानाची सगळ्यात जुनी नोंद लिहून ठेवली, गोष्ट पौलाची

ईस्टर आला की स्टेटसवर शुभेच्छा पडतात, बेकऱ्यांमध्ये चॉकलेटची अंडी दिसायला लागतात. येशू ख्रिस्तांना शुक्रवारी क्रूसावर चढवलं आणि तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उठले, ही गोष्ट ख्रिश्चन नसलेल्यांनाही साधारण माहिती असते.

पण ही गोष्ट सगळ्यात आधी लिहून कोणी ठेवली?

बहुतेकांचं उत्तर असतं मत्तय, मार्क, लूक आणि योहान, म्हणजे बायबलमधली चार शुभवर्तमानं. पण अभ्यासकांच्या मते यातलं सगळ्यात जुनं मार्कचं शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपास लिहिलं गेलं. त्याच्या साधारण पंधरा वर्षं आधी एका माणसाने एका पत्रात या घटनेबद्दल लिहून ठेवलं होतं. आज हाती असलेली पुनरुत्थानाची ही सगळ्यात जुनी लेखी नोंद.

गंमत म्हणजे हा माणूस येशूंच्या बारा शिष्यांपैकी नव्हता. येशू हयात असताना तो त्यांच्यामागे फिरल्याची कुठेही नोंद नाही. उलट येशूंना मानणाऱ्यांच्या तो हात धुऊन मागे लागला होता. त्याचं नाव शौल, पण जग त्याला ओळखतं ते पौल म्हणून. इंग्रजीत सेंट पॉल.

आधी मशीहा म्हणजे काय ते बघू

पौल समजून घ्यायचा तर त्याच्या डोक्यात मशीहाची कोणती कल्पना होती, ते आधी बघावं लागतं.

मशीहा या हिब्रू शब्दाचा अर्थ आहे तेलाने अभिषेक केलेला. ज्यू लोकांमध्ये राजा आणि मुख्य याजक यांना असा अभिषेक व्हायचा. म्हणजे सुरुवातीला मशीहा हा आकाशातून येणारा कोणी तारणहार नव्हता, गादीवर बसणारा माणूस होता. ख्रिस्त हा शब्दही मशीहाचंच ग्रीक भाषांतर आहे. ते काही येशूंचं आडनाव नाही.

पण इ.स.पू. सहाव्या शतकात बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं आणि दावीद राजाच्या घराण्याची गादी गेली. नंतर पर्शियन आले, ग्रीक आले, इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी जेरुसलेममध्ये शिरला. राज्य परक्यांचं झालं आणि एक आशा पक्की होत गेली. दावीदाच्या वंशातला राजा येईल, परक्यांना हाकलेल आणि देवाचं राज्य आणेल.

अर्थात सगळ्या ज्यू लोकांची कल्पना एकसारखी नव्हती. मृत समुद्राजवळच्या कुमरानमध्ये सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये तर दोन मशीहांचा उल्लेख येतो, एक याजक आणि एक राजा. मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा परत येईल, अशीही श्रद्धा होती. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू मलिद्याचा विधी करतात तो याच एलियाच्या, म्हणजे एलियाहू हनावीच्या नावाने.

मेलेले परत उठतील, ही कल्पना आली कुठून?

दुसरी गोष्ट पुनरुत्थानाची. ज्यूंच्या जुन्या ग्रंथांमध्ये मेलेला माणूस शिओल नावाच्या अंधाऱ्या जागी जातो, एवढंच साधारण सापडतं.

मग इ.स.पू. १६७ च्या सुमारास अँटिओकस चौथा या ग्रीक वंशाच्या राजाने ज्यू धर्म पाळण्यावर बंदी आणली. सुंता केली, शब्बाथ पाळला तरी मृत्युदंड. अनेकांनी धर्म सोडण्याऐवजी मरण पत्करलं आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला. देव न्यायी असेल, तर त्याच्यासाठी जीव देणाऱ्यांना न्याय कधी मिळणार? ते तर मेले.

याच काळातल्या दानीएलाच्या पुस्तकात उत्तर सापडतं. शेवटच्या दिवशी मातीत झोपलेल्यांपैकी अनेक जण जागे होतील आणि प्रत्येकाचा हिशोब होईल. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची कथा येते. छळ होऊन मरताना ते सांगतात की तोडलेले हातपाय देव परत देईल. म्हणजे पुनरुत्थान हा मुळात न्यायाचा विषय होता.

पौलाच्या काळापर्यंत यावरून ज्यूंमध्ये दोन गट पडले होते. मंदिराचा कारभार बघणारे श्रीमंत सदूकी पुनरुत्थान मानत नव्हते. लोकांमध्ये वजन असलेले परूशी ते मानत होते. आणि पौल पक्का परूशी होता.

तार्सचा शौल

आजच्या तुर्कीच्या दक्षिण भागात तार्सस हे शहर आहे. मराठी बायबलमध्ये तार्स. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं की शौल तिथला. ग्रीक भाषेचं, व्यापाराचं, शिक्षणाचं शहर. घर मात्र कट्टर ज्यू, बन्यामीन वंशाचं. याच वंशात इस्राएलचा पहिला राजा शौल होऊन गेला.

शौलाने जेरुसलेममध्ये गमलियेल या नामांकित गुरूकडे धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि त्याच्याकडे रोमन नागरिकत्व होतं, असंही हेच पुस्तक सांगतं. पोटापाण्यासाठी तो तंबू बनवायचं काम करायचा. धर्मप्रचार करतानाही त्याने हाताने काम करणं सोडलं नाही, त्याचा त्याला अभिमान होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. धर्म बदलला म्हणून शौलाचा पौल झाला, असं सर्रास सांगितलं जातं. पण तसा बायबलमध्ये उल्लेख नाही. शौल हे हिब्रू नाव, पौल हे रोमन. ज्यू समाजात एक आणि बाहेर दुसरं नाव वापरणं तेव्हा नेहमीचं होतं. पौल रोमन जगात फिरायला लागला आणि तेच नाव रूढ झालं.

राग कशाचा होता?

साधारण इ.स. ३० मध्ये रोमन सुभेदार पिलाताने येशूंना क्रूसावर चढवलं. काही दिवसांतच त्यांचे शिष्य सांगायला लागले की येशू परत उठलेत आणि तेच मशीहा आहेत.

शौलाचं डोकं इथेच फिरलं असणार. मशीहाने रोमनांना हरवायचं होतं, इथे रोमनांनीच त्याला मारलं होतं. तेही क्रूसावर, जी शिक्षा गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. शिवाय झाडावर टांगलेला माणूस शापित असतो, असा नियम मोशेच्या शास्त्रात होता. शापित माणूस मशीहा कसा?

त्या काळात असे दावे नवीन नव्हते. पुढे इ.स. ४४ नंतरच्या काही वर्षांत थुदास नावाच्या माणसाने लोकांना यार्देन नदीकडे नेलं. नदी दुभंगून दाखवतो, असा त्याचा दावा होता. रोमनांनी त्याचं डोकं उडवलं आणि विषय संपला. इतिहासकार जोसेफसने अशा अनेकांची नोंद केली आहे. पुढारी मेला की चळवळ संपायची. अनुयायी घरी जायचे किंवा दुसरा पुढारी शोधायचे.

येशूंचे अनुयायी यातलं काहीच करत नव्हते.

स्तेफन नावाच्या अनुयायाला जमावाने दगडांनी ठेचून मारलं, तेव्हा मारणाऱ्यांनी आपले अंगरखे सांभाळायला तरुण शौलाच्या पायाशी ठेवले होते. शौलाला ते मान्य होतं. पुढे तो घराघरांत शिरून येशूंना मानणाऱ्या बायका-पुरुषांना ओढून तुरुंगात टाकायला लागला, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. आपण छळ केला, हे पौलाने स्वतःच्या पत्रांतही कबूल केलं आहे.

दमास्कसच्या वाटेवर

मग तो आणखी लोकांना पकडायला दमास्कसकडे निघाला. प्रेषितांची कृत्ये सांगतं की शहराजवळ अचानक प्रकाश पडला, शौल जमिनीवर कोसळला आणि येशूंचा आवाज त्याला विचारत होता की तू माझा छळ का करतोस. उठला तेव्हा त्याला दिसत नव्हतं. तीन दिवस तो अन्नपाण्याशिवाय होता. मग हनन्या नावाच्या एका अनुयायाने येऊन त्याच्यावर हात ठेवले आणि त्याची दृष्टी परत आली.

चित्रांमध्ये शौल घोड्यावरून पडताना दिसतो. कॅराव्हॅज्जिओचं चित्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण बायबलमध्ये घोडा कुठेच नाही. दुसरं म्हणजे ही गोष्ट त्या पुस्तकात तीनदा येते आणि तपशील बदलतात. एकदा सोबतच्यांना आवाज ऐकू येतो पण कोणी दिसत नाही, दुसऱ्यांदा त्यांना प्रकाश दिसतो पण आवाज कळत नाही.

स्वतः पौल मात्र यावर फार बोलत नाही. देवाने आपल्या पुत्राला माझ्यात प्रकट केलं आणि मी प्रभूला पाहिलं, एवढाच त्याचा सूर.

नेमकं काय घडलं? श्रद्धावानांसाठी ते उठलेल्या ख्रिस्ताचं दर्शन होतं. जर्मन अभ्यासक गेर्ड ल्युडेमन यांनी त्याचं स्पष्टीकरण मानसशास्त्रात शोधलं, पेत्राचा अनुभव शोकातून आणि पौलाचा मनातल्या संघर्षातून आला, असं मांडलं. ब्रिटिश अभ्यासक एन. टी. राइट यांचं म्हणणं उलट आहे, रिकामी कबर आणि प्रत्यक्ष भेटी या दोन्ही मानल्याशिवाय ही श्रद्धा कशी सुरू झाली ते कळत नाही. इतिहासाच्या साधनांनी एवढं मात्र खात्रीने सांगता येतं की पौलाला काहीतरी अनुभव आला आणि त्याचं आयुष्य उलटं फिरलं.

पंधरा दिवसांची ती भेट

यानंतर पौल अरबस्तानात गेला, मग दमास्कसला परतला. तिथे अरेतास राजाचा अधिकारी त्याला पकडायला टपला होता. तेव्हा शहराच्या तटाच्या खिडकीतून टोपलीत बसवून त्याला खाली सोडलं गेलं. लोकांना पकडायला निघालेला माणूस स्वतःच असा पळाला.

तीन वर्षांनी तो जेरुसलेमला गेला आणि पेत्राकडे पंधरा दिवस राहिला. येशूंचा भाऊ याकोब यालाही भेटला. ही भेट इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण येशूंच्या मृत्यूनंतर जेमतेम काही वर्षांत त्यांचा एके काळचा विरोधक त्यांच्या सगळ्यात जवळच्या माणसांसोबत बसला होता.

साधारण इ.स. ५४ च्या सुमारास पौलाने इफिसहून ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात ती नोंद आहे. ख्रिस्त मरण पावले, पुरले गेले, तिसऱ्या दिवशी उठवले गेले आणि दिसले. आधी पेत्राला, मग बाराजणांना, मग पाचशेहून जास्त लोकांना, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना आणि सगळ्यात शेवटी पौलाला.

पौल स्पष्ट सांगतो की ही माहिती त्याने रचलेली नाही, त्याला मिळालेली आहे. म्हणून ही यादी पत्रापेक्षाही बरीच जुनी असावी, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. रविवारी पहाटे कबरीवर गेलेल्या बायका मात्र या यादीत नाहीत. त्यांची गोष्ट पुढे शुभवर्तमानांत येते.

पहिली पेंढी

करिंथमधल्या काहींचं म्हणणं होतं की मेलेले उठत नाहीत. पौलाने त्यांना दिलेलं उत्तर अस्सल परूशाचं आहे. मेलेले उठतच नसतील तर ख्रिस्तही उठलेले नाहीत, आणि ते उठले नसतील तर आपला सगळा विश्वास फुकट.

म्हणजे पौलाने पुनरुत्थान ही कल्पना नव्याने शोधली नाही. ती त्याच्याकडे आधीपासून होती. बदललं ते वेळापत्रक. परूशांच्या मते जगाच्या शेवटी सगळे एकदम उठणार होते. इथे इतिहासाच्या मध्यावर एकटाच उठला होता.

हा गुंता पौलाने शेतीच्या उदाहरणाने सोडवला. वल्हांडण सणाच्या दिवसांत ज्यू लोक पिकाची पहिली पेंढी देवाला वाहायचे. पहिली पेंढी हातात आली की मागोमाग सगळं पीक येणारच. येशू ही पहिली पेंढी आहे, कापणी सुरू झाली आहे, असं पौलाने सांगितलं. शरीराबद्दलही तसंच. पेरलेला दाणा आणि उगवलेलं रोप सारखं दिसत नाही, पण रोप येतं त्याच दाण्यातून. उठलेलं शरीर तसंच नवं असेल.

क्रूसाचा शापही त्याने असाच उलटवला. तो शाप येशूंचा नव्हता, त्यांनी तो इतरांसाठी अंगावर घेतला. ज्या मुद्द्यावरून तो आधी लोकांना पकडत होता, तोच त्याच्या प्रचाराचा गाभा बनला.

सुंता, जेवण आणि पेत्राशी भांडण

शेवटचा काळ सुरू झालाय म्हटल्यावर पौलाला आणखी एक गोष्ट आठवली. त्या काळात परकी राष्ट्रंही इस्राएलच्या देवाकडे येतील, असं जुन्या संदेष्ट्यांनी सांगितलं होतं. म्हणून तो ज्यू नसलेल्यांकडे गेला. अंत्युखिया, फिलिप्पै, थेस्सलनीका, करिंथ, इफिस. या लोकांना सुंतेची आणि खाण्यापिण्याच्या नियमांची सक्ती करायची नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

यावरून वाद पेटला. अंत्युखियात पेत्र आधी परक्यांसोबत एका पंगतीला बसायचा. याकोबाकडून काही लोक आले आणि तो मागे सरकला. पौलाने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. एका पंगतीला कोणी बसायचं हा प्रश्न किती खोल असतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

या प्रवासाची किंमतही त्याने मोजली. पाच वेळा ३९ फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडांचा मारा, तीन वेळा जहाज फुटलं. हा हिशोब त्यानेच एका पत्रात दिला आहे.

शेवट

साधारण इ.स. ५७ मध्ये जेरुसलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मदत घेऊन पौल तिथे पोहोचला. परक्यांना मंदिरात नेल्याचा आरोप झाला, जमाव चालून आला आणि रोमन शिपायांनी त्याला ताब्यात घेतलं. ज्यूंच्या महासभेसमोर उभं केल्यावर त्याने एकच मुद्दा काढला. आपण परूशी आहोत आणि मेलेल्यांच्या पुनरुत्थानाच्या आशेमुळे आपल्यावर खटला चाललाय. झालं, परूशी आणि सदूकी आपसात भांडायला लागले आणि सभा उधळली.

पुढे दोन वर्षं कैसरियाच्या कैदेत गेली. रोमन नागरिक म्हणून त्याने सम्राटाकडे दाद मागितली. रोमला जाताना माल्टा बेटाजवळ जहाज फुटलं, तिथूनही तो वाचला. रोममध्ये दोन वर्षं भाड्याच्या घरात पहाऱ्यात राहिला आणि इथेच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक संपतं.

परंपरा सांगते की नीरो सम्राटाच्या काळात, इ.स. ६४ ते ६७ च्या दरम्यान, त्याचा शिरच्छेद झाला. रोममधल्या सेंट पॉल बॅसिलिकाखाली त्याची कबर मानली जाते. २००६ मध्ये तिथली दगडी शवपेटी पुरातत्त्वज्ञांनी उघड्यावर आणली. आतल्या हाडांची कार्बन चाचणी झाली आणि ती पहिल्या किंवा दुसऱ्या शतकातली असल्याचं २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जाहीर केलं.

दोन वाटा

पौल गेल्यावर इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. इ.स. १३२ मध्ये बार कोखबा या सेनानीने बंड केलं, रब्बी अकिवा यांच्यासारख्या विद्वानाने त्याला मशीहा मानलं. तीन वर्षांत तो मारला गेला आणि त्याच्याबद्दलचा दावाही संपला. मेल्यानंतरही मशीहा मानलं जाणं किती वेगळं होतं, हे इथे कळतं.

ज्यू धर्माने मशीहाची वाट बघणं सोडलं नाही. पुनरुत्थानही सोडलं नाही. ज्यू लोकांच्या रोजच्या आमिदा प्रार्थनेत मेलेल्यांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती आजही होते. फरक इतकाच की ख्रिश्चनांसाठी मशीहा येऊन गेलाय आणि परत येणार आहे, ज्यूंसाठी तो अजून यायचा आहे.

पुढच्या शतकांत ख्रिश्चन युरोपात पौलाचंच लिखाण ज्यूंच्या द्वेषासाठी वापरलं गेलं. पण रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल स्पष्ट सांगतो की देवाने आपल्या लोकांना टाकलेलं नाही आणि त्यांच्यासाठी आपण स्वतः शाप घ्यायला तयार आहोत. आपण ज्यू धर्म सोडलाय, असं त्याला कधी वाटलंच नाही.

नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी १३ पत्रं त्याच्या नावावर आहेत. त्यातली ७ नक्की त्याचीच, यावर अभ्यासकांचं साधारण एकमत आहे. त्याचं नाव आपल्याकडेही पोहोचलं. गोव्यात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. आज जुन्या गोव्यात त्या कॉलेजची फक्त कमान उभी आहे.

ज्या लोकांना संपवायला तो निघाला होता, त्यांचीच गोष्ट त्याच्या पत्रांमुळे टिकली. पुढच्या ईस्टरला येशू तिसऱ्या दिवशी उठले हे वाक्य कानावर पडलं, तर त्यामागे दोन गोष्टी आहेत हे लक्षात असू द्या. मारल्या गेलेल्यांना न्याय मिळालाच पाहिजे ही ज्यूंची जुनी आशा, आणि तिला नवा अर्थ देणारा तार्सचा एक तंबूवाला.